हेमिसचे मुखवटे आणि बाबांचा प्रश्न : चाम कसा बघायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपूरचे, घर 1956 च्या धम्मदीक्षेपासून बौद्ध, पुढच्या उन्हाळ्यात बाबांना (वय 68) घेऊन लडाखला जायचंय आणि ट्रिप लेहजवळच्या हेमिस या बौद्ध मठाच्या उत्सवाला जुळवून घ्यायचीय. विचारलंय असं की मेन डान्स किती वाजता असतो आणि एक दिवस पुरेल का. आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की बाबांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, कवट्या, सुळे, वटारलेले डोळे, यात बुद्ध कुठाय?

वेळेचं खाली सांगतेच, पण मला विचाराल तर बाबांचा प्रश्नच खरा प्रश्न आहे. मी 2007 पासून महाराष्ट्रातून लडाखला ग्रुप घेऊन जाते, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गोन्पाचा (मठाचा) चाम, म्हणजे मुखवट्यांचा नाच, त्यात बसवतेच, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत जी माणसं 'झालं ना बघून, चला आता मार्केटला' म्हणून उठतात ती बहुतेक अशीच असतात की ज्यांना समोर काय चाललंय ते कोणी सांगितलेलंच नसतं. दोन तास तेच ते संथ गोल फिरणं, तोच झांजांचा आवाज, वर डोक्यावर ऊन. कंटाळा येणारच. बाबांच्या मनात तर आधीच शंका आहे, त्यांना नुसतं नेऊन बसवलंत तर ते दुखावून परत येतील आणि तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तर मुळापासून. चाम म्हणजे लामांनी केलेला विधी, ज्याचा एक भाग अंगणात होतो म्हणून आपल्याला दिसतो. त्याच्या आधी कितीतरी दिवस आत देवळात पाठ, जप, ध्यान चालू असतं, ज्या देवतेचा मुखवटा घालायचा तिचं ध्यान करून मगच लामा बाहेर येतो. नाचताना प्रत्येक पावलाला, हाताच्या प्रत्येक मुद्रेला अर्थ असतो आणि ते सगळं चामपोन म्हणजे नाचाचे गुरु शिकवतात. म्हणून 'मेन डान्स कधी' याला तसं उत्तरच नाहीये हो, आपल्याकडे पूजा चालू असताना मेन पूजा किती वाजता असं विचारल्यासारखं होतं ते. परंपरा असं मानते की 8 व्या शतकात तिबेटमधे साम्ये मठ बांधताना अडचणी येत होत्या, नालंदाचे आचार्य शांतरक्षित तिथे आधीच गेलेले होते, त्यांच्या सांगण्यावरून राजा त्रिसोंग देचेनने गुरु पद्मसंभवांना बोलावलं आणि त्यांनी वज्रनृत्य करून तिथल्या उपद्रवी शक्तींना वश केलं. तिथून चामची सुरुवात धरतात. हेमिसचा उत्सव याच पद्मसंभवांच्या जन्मदिवसाचा, तिबेटी पाचव्या महिन्याच्या 10 आणि 11 तारखेला.

आता बुद्ध कुठाय. मी ग्रुपला एकच गोष्ट सांगते, मुखवट्यांवरून जरा नजर काढा आणि अंगणाच्या मधे ठेवलेला तो छोटासा पुतळा शोधा. सातूच्या पिठाचा असतो, हातभरसुद्धा नाही, पुष्कळदा तिकोनी पेटीत किंवा तबकात ठेवलेला, त्याला दाओ म्हणजे शत्रू म्हणतात, कुठे लिंगा असंही नाव आहे. एवढे सगळे उग्र चेहरे, एवढी शस्त्रं, ते सगळं त्या पुतळ्यासाठी चाललेलं असतं. शेवटी त्याचे तुकडे करतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कुठल्यातरी राक्षसाचा वध चाललाय. पण लामांना विचाराल तर ते सांगतात की हा शत्रू बाहेरचा कोणी नाही, 'मी' म्हणून आपण जे घट्ट धरून बसतो ते म्हणजे हा. कापायला जो फुर्बा वापरतात, आपल्या संस्कृतमधला कील, त्याला तीन धारा असतात आणि त्या तीन धारा लोभ, द्वेष, मोह या तिघांना कापतात असं सांगतात. लोभ, द्वेष, मोह, अनात्म. हे शब्द तुमच्या बाबांना मी शिकवायची गरज नाही, रविवारच्या विहारातल्या वंदनेनंतर त्यांनी ते आयुष्यभर ऐकलेत. भाषा तीच आहे, फक्त इथे ती पिठाची आणि लाकडाची करून अंगणात आणलीय. आणि कुठल्याही जिवाला यात मारत नाहीत, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा, व्हिडिओत तलवार बघून भलताच समज होतो.

हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. मी कॅमेरा घेऊन पुढे, जिथे अंगणात चुन्याने वर्तुळं आखलेली असतात तिथपर्यंत गेलेली, मुखवट्यांचे क्लोजअप काढत. मागून एका आबी-लेने (लडाखीत आजीला असं आदराने म्हणतात) माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. ओरडली वगैरे नाही. बसवलं आणि हातात तिच्या पिशवीतले सुके जर्दाळू ठेवले. भाषा येत नव्हती, मग तिने नुसतं बोट केलं त्या पेटीकडे. मी तोपर्यंत दोनशे फोटो काढलेले आणि एकाही फोटोत ती पेटी नव्हती. संध्याकाळी एका लामांना विचारलं तेव्हा त्यांनी वर लिहिलंय ते समजावलं आणि मग दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा बॅगेतच ठेवला.

मुखवट्यांचं सांगते कारण बाबांचा अडसर तिथेच आहे. डोक्यावर जो पाच कवट्यांचा मुकुट असतो तो भीती घालायला नसतो, पाच क्लेश, जे साधनेने पाच ज्ञानांत बदलतात, त्यांची ती खूण. तिसरा डोळा प्रज्ञेचा. उग्र चेहऱ्याचा महाकाल हा करुणेच्या बोधिसत्वाचं, अवलोकितेश्वराचं, रागावलेलं रूप मानतात, निदान तिबेटी बौद्धांच्या गेलुग परंपरेत तरी सहा हातांच्या महाकालाबद्दल हे अगदी स्पष्ट सांगतात. आई रस्त्यावर धावणाऱ्या पोराला ओढताना जशी चिडते तसा तो राग, असं मी सांगते आणि लोकांना पटतं. हाडांच्या सापळ्यांचे कपडे घालून येतात ते श्मशानाचे अधिपती, दुरदाक, चपळ, जवळजवळ खेळकर नाचतात, आणि ते बघताना अनित्यतेची आठवण व्हावी हाच हेतू. इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस बसून आलेला माणूस अनिच्च अनिच्च ऐकून आलेला असतो, त्याला हा सापळा लगेच कळतो. काही गोन्पांत रेड्याच्या तोंडाचा यम येतो, तो तर मराठी माणसाला ओळखीचाच.

आणि हेमिसला पहिल्या दिवशी पद्मसंभवांची आठ रूपं येतात, गुरु त्सेंग्ये म्हणतात त्याला. त्यातलं एक रूप शाक्य सेंगे. शाक्यसिंह! शांत चेहरा, निळे केस, वर उष्णीष (बुद्धाच्या डोक्यावरचा उंचवटा), हातात भिक्षापात्र. बाबांना तेवढं एक आधी सांगून ठेवा, त्या आठांच्या मिरवणुकीत शाक्यमुनी शोधा म्हणावं. माझ्या ग्रुपमधे अकोल्याच्या एक काकू होत्या, सकाळपासून गप्प बसलेल्या, तो मुखवटा दाराच्या पायऱ्या उतरून आला आणि त्या उभ्या राहून हात जोडून त्रिशरण म्हणायला लागल्या, हळू आवाजात, शेजारच्या लडाखी बायकांनी त्यांना पुढे जागा करून दिली.

अजून एक. वज्रयान, म्हणजे लडाख-तिबेटमधला हा तांत्रिक बौद्ध पंथ, म्हणजे हिमालयातलं काहीतरी परकं असं आपल्याला वाटतं पण ते तितकंसं खरं नाहीये. मुंबईत बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीला 41 नंबरच्या लेण्यात अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर आहे. लडाखच्या गोन्पांमधे तोच अकरा तोंडांचा चेनरेझिग (अवलोकितेश्वराचं तिबेटी नाव) जागोजागी दिसतो. वेरूळच्या 12 नंबरच्या तीन ताल लेण्यात बोधिसत्वांची मंडलं कोरलेली आहेत. म्हणजे हा प्रवाह आपल्या कातळातून पण वाहिलाय, इथे आटला, तिकडे बर्फाआड टिकला. जमलं तर लडाखच्या आधी बाबांना एकदा वेरूळ दाखवा, नागपूरहून संभाजीनगर काही लांब नाही, आणि 12 नंबर सोडून 10 आणि 16 बघून परत येऊ नका.

काळ्या टोप्यांच्या नाचाची, शानाग म्हणतात त्याला, एक गोष्ट सांगतात. 9 व्या शतकात तिबेटचा राजा लांगदर्मा बौद्धांच्या जिवावर उठला होता असं परंपरा सांगते. तेव्हा ल्हालुंग पेलग्यी दोर्जे नावाच्या भिक्षूने रुंद बाह्यांचा काळा झगा घातला, बाहीत धनुष्यबाण लपवला, राजासमोर नाचला आणि जवळ जाऊन बाण सोडला. पांढरा घोडा कोळशाने काळा केलेला, पळताना नदीत धुऊन निघाला, झग्याचं पांढरं अस्तर बाहेर काढून घातलं आणि निसटला. 842 साल सांगतात. आता तुम्ही म्हणाल भिक्षूने खून केला? हो, आणि लामासुद्धा हा प्रश्न टाळत नाहीत, त्यांचं उत्तर असं की अजून पाप करण्यापासून त्याला थांबवणं ही करुणाच होती. मला स्वतःला हे उत्तर पूर्ण पचत नाही. बाबांनाही पचेलच असं नाही. पण त्या रुंद बाह्या गोल गोल फिरताना बघाल तेव्हा ही गोष्ट माहिती असलेली बरी, नाहीतर तो नुसता झगमगीत कपडा राहतो.

इथे मी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते स्पष्ट सांगते. बाबा बौद्ध धम्म कशाला म्हणतात यावर त्यांना चाम पटेल का हे ठरेल. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घराला देव-देवता, उपद्रवी शक्ती, त्यांना वश करणं ही भाषा खटकणार आणि खटकू दे, त्यात काही गैर नाही. मी वर सगळा आतला अर्थ सांगितला, पण अंगणात बसलेल्या प्रत्येक गावकऱ्याच्या मनात अनात्म नसतो हेही तितकंच खरं. वर्षभराची इडापिडा बाहेर जावी, जव नीट पिकावा, पोरगं आजारी पडू नये, यासाठी तो येतो, पुतळ्याचे तुकडे फेकले की गर्दीत ज्या उसळ्या उठतात त्या काही तत्त्वज्ञानाच्या नसतात. लामाचा अर्थ वेगळा, गावाचा वेगळा, दोन्ही त्याच अंगणात शेकडो वर्षं शेजारी शेजारी बसलेत. बाबांना 'हाच खरा बौद्ध धर्म' असं पटवायला जाऊ नका आणि 'ही अंधश्रद्धाच' असं त्यांनी तिथे मोठ्याने म्हणू नये एवढं बघा. पाहुणे म्हणून जातोय आपण. आणि एक अनुभव सांगते, आपण नागपूरचे, बाबासाहेबांचे लोक, असं सांगितलं की लडाखमधे लोक फार आपुलकीने बोलतात, मग बाबांना जे विचारायचंय ते लामांनाच विचारू दे, बरेच लामा चांगलं हिंदी बोलतात.

आता व्यवहाराचं. एक दिवस की दोन? दोन. पहिल्या दिवशी आठ रूपं बघायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबायचं. गोन्पागणिक क्रम बदलतो, हेमिसलाही वर्षागणिक वेळा मागेपुढे होतात, पण पुतळ्याचा विधी बहुतेक ठिकाणी उत्सव संपत येताना असतो, आणि टूरवाल्या गाड्या तोपर्यंत लेहला परतलेल्या असतात. मी ज्या पहिल्या कंपनीबरोबर काम केलं तिथे कार्यक्रमपत्रिकेत 'हेमिस फेस्टिव्हल, 2 तास' असं छापलेलं असायचं, मी तेव्हा तेच पाळायचे आणि आता वाटतं किती लोकांना मी अर्ध्यातून उठवून आणलं. दोन दिवस जमतच नसतील तर दुसरा दिवस पूर्ण घ्या, सकाळचा चुकला तरी चालेल, दुपार सोडू नका.

बसायचं कुठे. पर्यटकांसाठी खुर्च्यांची वेगळी सोय असते, बाबांसाठी ती घ्या, पण थोडा वेळ तरी खाली लडाखी कुटुंबांच्या मधे बसा. आणि वाजवणारे दिसतील अशी जागा बघा. आपला कान ढोलाकडे जातो, पण इथे ताल झांजांचा असतो, उमझे म्हणजे पठणाचे मुख्य लामा मोठ्या झांजा वाजवतात आणि वाकड्या काठीने वाजणारे ढोल त्यांच्या मागे जातात. झांजेकडे लक्ष ठेवलंत की संथ वाटणाऱ्या नाचात पुढचं पाऊल कधी पडणार ते कळायला लागतं, पाय वर जातो, हवेत थांबतो, झांज थरथरत थरथरत मिटते आणि मगच तो टेकतो. हे एकदा पकडलं की दोन तास कुठे गेले कळत नाही. नाचणाऱ्याला पण मुखवट्याच्या डोळ्यांतून दिसत नसतं, पुष्कळदा तोंडाच्या फटीतून बघावं लागतं, म्हणून त्याच्या वाटेत कधीच जायचं नाही, फोटोसाठी तर अजिबातच नाही.

तारीख तिबेटी पंचांगाने ठरते म्हणून दरवर्षी सरकते. 2023 ला 28-29 जून होती, 2024 ला 16-17 जून, 2025 ला 5-6 जुलै. आपल्या भाषेत सांगायचं तर शुद्ध दशमी-एकादशी, 2023 आणि 2025 ला तर हेमिसचा दुसरा दिवस आणि आपली आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. पण दरवर्षी आषाढी बघून तिकीट काढू नका, अधिक महिना त्यांचा आणि आपला वेगळ्या वर्षी पडतो म्हणून 2024 ला पुरा एक महिना फरक होता. आणि 2028 पर्यंत थांबायची तयारी असेल तर ते माकडाचं वर्ष, 12 वर्षांतून एकदा पद्मसंभवांचा मोठा थांगका (कापडावरचं गुंडाळून ठेवायचं चित्र) उलगडतात तो तेव्हा असतो, याआधी 2016 ला होता. अर्थात तेव्हा गर्दी प्रचंड, 68 वर्षांच्या माणसाला आत्ताच न्या हेच माझं मत.

उंचीचं हलक्यात घेऊ नका. लेह 3,500 मीटर, हेमिस त्याहून थोडं वर, लेहपासून साधारण 45 किमी. विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, हेमिस चौथ्या दिवशी येईल असं गणित मांडा. बाबांना बीपी आहे असं लिहिलंत, तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) द्यायची की नाही ते त्यांनाच ठरवू दे, व्हॉट्सॲपवर वाचून देऊ नका. डोक्यावर टोपी, पाठीला टेकायला उशी, पाणी, आणि सोबत काहीतरी खायला.

हेमिसची तारीख जुळलीच नाही तर? लडाखच्या बहुतेक गोन्पांचे उत्सव हिवाळ्यात असतात कारण तेव्हा शेतीची कामं नसतात, हेमिस उन्हाळ्यात येतो म्हणूनच तो बाहेर इतका गाजला. जानेवारीत स्पितुकचा गुस्तोर, फेब्रुवारीत लेहचा दोस्मोचे, नंतर माथोचा नागरांग, हे सगळे मला हेमिसपेक्षा जास्त जवळचे वाटतात, गाव गावासाठीच जमलेलं असतं. पण उणे पंधरा-वीस तापमानात बाबांना नेऊ नका. त्यांच्यासाठी जुलैच्या आसपासचा फ्यांगचा त्सेदुप उत्तम, लेहपासून जेमतेम पाऊण तास आणि गर्दी हेमिसच्या मानाने बरीच कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे ठिकसेचा गुस्तोर पण आहे, थंडी सुरू झालेली असते, बाबांची तब्येत ठणठणीत असेल तरच.

तुमच्या तारखा नक्की झाल्या की इथेच लिहा, त्या आठवड्यात आणखी कुठे चाम आहे का ते बघून सांगते. आणि बाबांनी तिथे लामांना काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं ते परत आल्यावर नक्की कळवा, मला ते खरंच ऐकायचंय.